न पाहिलेल्या जागेचा पंच

मी आयुष्यात कोर्टात एकदाच साक्ष दिली आणि ती खोटी दिली. कुणी पैसे चारले नव्हते, कुणी दम दिला नव्हता. एका भल्या पोलिसावरच्या मायेपोटी दिली. 'मायेपोटी' म्हटलं की माझी बायको अजूनही तोंड वाकडं करते. "माया कसली, शहाणपणा तो," असं ती म्हणते, आणि शहाणपणा हा शब्द ती कोणत्या अर्थानं वापरते ते मला पुरतं कळतं.

तो पोलीस म्हणजे आमचे शेजारी. पिंप्राळ्यात त्यांचं आणि आमचं घर लागून, मधली भिंत एकच. ते मूळचे धुळ्याकडच्या एका खेड्यातले, मी बोदवडकडचा. दोघंही नोकरीपायी जळगावात येऊन पडलेले. मी एका सरकारी कार्यालयात कारकून, ते हवालदार. गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही, हवालदार म्हणजे तेच.

त्यांची एक पद्धत मला फार आवडायची. आमच्या भागात कुणाच्या नावाचं समन्स निघालं, कुणाच्या पोराची चौकशी करायची असली, की ते वर्दीत त्या घरी जायचे नाहीत. आधी घरी यायचे, वर्दी उतरवायचे, पायजमा-बनियन घालायचे आणि हातात एक रिकामी वाटी घेऊन निघायचे. बघणाऱ्याला वाटावं, विरजण मागायला निघालेत. आत जाऊन बसायचे, काय ते सांगायचे, सही घ्यायचे आणि वाटीत चमचाभर दही घेऊन परत यायचे. "पोलीस दारात आला की त्या घरातल्या पोरीचं लग्न वर्षभर लांबतं, भाऊ," असं ते मला म्हणाले होते. वहिनी वैतागायच्या, कारण कधी कधी एका दिवसात तीन घरांचं विरजण घरात जमायचं.

असा माणूस शेजारी असल्यावर त्याच्या एका शब्दावर आपण उठून उभे राहतो. मी राहायचो. पोलिसांना पंच लागतात. चोरी झाली, अपघात झाला, की पोलीस जागेवर जाऊन तिथं काय काय दिसतं ते लिहून काढतात, तो पंचनामा. आणि हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत लिहिलं, असं सांगणारे दोन बाहेरची माणसं म्हणजे पंच. काम एवढंच, पण करायला कुणी तयार होत नाही. पुढं कोर्टात खेटे घालावे लागतात, समोरच्याचं वैर पत्करावं लागतं. मग हवालदार मला हाक मारायचे. मी जायचो, टेपचं एक टोक धरायचो, खाली झोकदार सही करायचो. सरकारी नोकर, अक्षर चांगलं, तोंडात सुपारीसुद्धा नाही. त्यांना असा पंच शोधून सापडला नसता, हे मी स्वतःच त्यांना ऐकवायचो.

हळूहळू मात्र आम्ही दोघं सैल झालो. एकदा मला ताप होता, तर ते लिहिलेला कागद घरी घेऊन आले. "जागा सकाळी बघून या, मग सही करा," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही बघितली ना? मग झालं." आणि न वाचता सही केली. त्या वेळी मला त्याचा मोठा अभिमान वाटला होता. एखाद्याचा कागद न वाचता सही करणं म्हणजे विश्वास, अशी माझी समजूत होती. पुढं तसं आणखी दोन-तीनदा झालं, आणि एकदाही काही अंगाशी आलं नाही.

मग ती सकाळ आली. दोन गल्ल्या सोडून पोस्टातून निवृत्त झालेले एक नाना राहायचे. त्यांची बायको लवकर गेली होती. एकुलती मुलगी मेहरूणच्या पुढच्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. पौर्णिमेला दोघं बापलेक पांढरे कपडे घालून विहारात जाताना दिसायचे, ती स्कूटी चालवायची आणि नाना मागे जरा घाबरूनच बसलेले असायचे. त्या दिवशी ती एकटी होती. मेहरूण तलावाच्या पुढच्या रस्त्यावर गिरणा नदीतून वाळू भरून येणाऱ्या डंपरनं तिला उडवलं. डंपर रस्त्याच्या उलट्या बाजूला, म्हणजे तिच्या बाजूला घुसला होता. दवाखान्यात पोहोचायच्या आत ती गेली.

तो तपास आमच्या हवालदारांकडे आला. त्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याकडे आले, वर्दीतच. वीस वर्षांत ते वर्दीत माझ्या घरात आलेले मला आठवत नव्हतं. खुर्चीत बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग म्हणाले, "भाऊ, पन्नास माणसं होती. सगळ्यांच्या हातात मोबाइल, सगळे व्हिडिओ काढत होते. मी म्हटलं, दोघं जण पंच म्हणून थांबा. एकेकानं मोबाइल खिशात घातला आणि गाडीला किक मारली." शेवटी जवळच्या पानटपरीवाल्याला त्यांनी हातापाया पडून थांबवलं होतं. दुसरा पंच नव्हता. त्यांनी मला तीन वेळा फोन केला होता, आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोनचा आवाज बंद करून बसलो होतो.

त्यांनी कागद पुढं केला. सगळं लिहिलेलं होतं. ब्रेकच्या खुणा कुठून कुठवर, स्कूटी कुठं पडली, नाला किती अंतरावर. एकेक माप त्यांनी स्वतः टेप लावून घेतलेलं. "यात एक शब्द खोटा नाही," ते म्हणाले. "फक्त तुम्ही तिथं होता एवढंच खोटं आहे. नको वाटत असेल तर नका करू." हात लांब करून मी पेन घेतलं. नाही म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

खटला उभा राहायला अडीच वर्षं गेली. त्या काळात नाना मला अधूनमधून भेटायचे, दूध घ्यायला जाताना, कधी पिठाच्या गिरणीवर. गावात काय बोललं जात होतं ते त्यांच्या कानावर जायचंच. पोरगी जोरात होती, कानात गाणी लावलेली होती, आजकालच्या पोरी अशाच चालवतात. डंपरवाल्याच्या वकिलाचंही तेच म्हणणं होतं. नाना एकदा गिरणीच्या ओट्यावर मला म्हणाले, "भाऊ, मला भरपाई नको. त्या ड्रायव्हरला तुरुंगात टाकून माझी पोरगी येणार नाही, तेही मला माहीत आहे. कोर्टानं फक्त एवढं म्हणावं की चूक तिची नव्हती. ती तिच्या बाजूनंच चालली होती. हवालदार आहेत, तुम्ही आहात, म्हणून मी निर्धास्त आहे." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काळजी करू नका म्हणालो. हात ठेवताना मला लाज वाटायला हवी होती, पण तेव्हा वाटली नाही.

माझं समन्स आलं तेव्हा दुसरा पंच, तो पानटपरीवाला, सुरतेला निघून गेलेला होता. त्याचा पत्ता लागेना. म्हणजे ती मापं कोर्टापुढं खरी ठरवायला मी एकटाच उरलो होतो. ती ठरली, तर डंपर उलट्या बाजूला होता हे ठरणार होतं.

हवालदार साक्षीच्या आदल्या दिवशी भिंतीपलीकडून आले, पायजमा-बनियनमध्ये. म्हणाले, "मला दोन रात्री झोप नाही, भाऊ. तुम्ही खरं सांगून टाका. जागेवर नव्हतो, सही संध्याकाळी घरी केली. माझी मापं खरी आहेत, मी माझ्या साक्षीत सांगेन. माझं काय व्हायचं ते होईल."

मी त्यांना गप्प केलं. अगदी मोठ्या भावासारखं गप्प केलं. "तुमची नोकरी जाईल, नानांची केस जाईल, आणि तो डंपरवाला हसत घरी जाईल. एवढी वर्षं साहेबांसमोर फायली मांडल्यात मी. मला बोलायला शिकवू नका." जाताना दारात क्षणभर थांबले, मग गेले.

मी अभ्यासू माणूस. साक्षीच्या चार दिवस आधीच स्कूटर काढून मी ती जागा बघून आलो होतो. नाला बघितला, बाभळीचं झाड बघितलं, रस्त्याची रुंदी पावलांनी मोजली. पंचनाम्याची नक्कल तोंडपाठ केली. बायकोनं विचारलं, "परीक्षा आहे का?" मी म्हटलं, "आहे." या वयात आपल्याला कुणीतरी एवढ्या महत्त्वाच्या कामाला बोलावलंय, याचा मला आतून आनंद होता. हे लिहायला नको वाटतं, पण होता.

त्या दिवशी नाना आणि मी एकाच रिक्षानं कोर्टात गेलो. त्यांची साक्ष मागच्या तारखेला झाली होती, साक्षीदार बाहेर बसतात म्हणून ती मी ऐकलेली नव्हती. माझ्या साक्षीला ते मागच्या बाकावर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर कागदांची पिशवी. हवालदार बाहेर व्हरांड्यात होते. मी शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं मी घडाघडा सांगितलं. अडखळलो नाही. न्यायाधीशांनी एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, ते मला कौतुकानं बघितल्यासारखं वाटलं.

मग आरोपीचे वकील उठले. आवाज मऊ, वागणं अदबीचं. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील.

"तुम्ही जागेवर किती वेळ होता?"

"अर्धा-पाऊण तास."

"काय केलंत?"

"हवालदारांनी मापं घेतली. टेपचं टोक मी धरलं होतं."

"कुठं उभं राहून?"

हे पंचनाम्यात नव्हतं. पण जागा माझ्या डोळ्यासमोर होती, चार दिवसांपूर्वीच बघितलेली. मी म्हटलं, "नाल्याच्या अलीकडे स्पीड ब्रेकर आहे. त्याच्यावर उभा होतो."

"नक्की आठवतं?"

"नक्की. त्यावरचे पांढरे पट्टेसुद्धा आठवतात."

त्यांनी मान हलवली आणि फाइलमधून एक कागद काढला. तो नानांनी महापालिकेला केलेला अर्ज होता. माझी मुलगी या जागी गेली, दुसऱ्या कुणाची जाऊ नये म्हणून इथं स्पीड ब्रेकर करावा. वर्षभर नाना त्या अर्जामागे फिरत होते, खिडक्या-खिडक्यांपुढं उभे राहत होते, आणि त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मागच्या तारखेला साक्षीत तेवढं एक वाक्य त्यांनी सांगितलं होतं, की ती गेल्यावर तिथं ब्रेकर झाला, आधी असता तर डंपर हळू आला असता.

"अपघाताच्या दिवशी तिथं स्पीड ब्रेकर नव्हता," वकील म्हणाले. "या मुलीच्या वडिलांनी तो नंतर करून घेतला. मग तुम्ही कशावर उभे होता?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, बहुधा विसरलो असेन, गोंधळलो असेन असं काहीतरी. न्यायाधीश लिहून घेत होते. मी मागे बघितलं. नाना माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पत्ता चुकलेलं पाकीट हातात आलं की पोस्टातला माणूस ते उलटसुलट करून बघतो, तसं ते मला बघत होते.

बाहेर आलो तर नाना व्हरांड्यात उभे होते. मी म्हटलं, "चला, रिक्षा बघतो." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." हवालदार भिंतीला टेकून उभे होते, त्यांना आतली बातमी कळली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टोपी घातली. मी एकटाच घरी आलो.

निकाल लागला तो सगळ्यांना अपेक्षित होता. पंचानं जागाच पाहिलेली नाही, पंचनामा विश्वासार्ह नाही, तपास करणाऱ्या अंमलदारानं खोटा पंच उभा केला, आरोपीला संशयाचा फायदा. हवालदारांवर कडक ताशेरे होते. ती मापं, जी त्या माणसानं पन्नास मोबाइलांसमोर एकट्यानं वाकून वाकून घेतली होती, ती खरी असूनही केराच्या टोपलीत गेली. ड्रायव्हर सुटला. आमच्याच गल्लीतला एक जण दूध घेताना म्हणाला, "म्हणजे पोरीचीच चूक निघाली." कोर्टानं असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी मला धरलं. मला धरायची खरी वेळ आधीच निघून गेली होती.

हवालदारांची खात्यात चौकशी लागली. मुख्यालयात बसवून ठेवलं, पगारवाढ अडवली. वर्षाच्या आत त्यांनी राजीनामा दिल्यासारखी निवृत्ती घेतली आणि सामान टेम्पोत भरून धुळ्याकडे गावी निघून गेले. जाताना माझ्या दारात आले नाहीत. बरोबरच होतं. मला मात्र कुणी काही केलं नाही. न्यायाधीशांनी समज दिली तेवढीच. माझी पेन्शन दर महिन्याला वेळेवर येते.

आणि लोक? पूर्वी हवालदार वाटी घेऊन येतात हे ज्यांना ठाऊक होतं, तेच आता म्हणू लागले, "सगळे सारखेच, हा जरा गोड बोलायचा." गल्लीतल्या ज्या अक्काच्या मुलाचं प्रकरण त्यांनी कुणाला कळू न देता मिटवलं होतं, तिनंसुद्धा माझ्या बायकोपाशी हेच म्हटलं. माझ्या एका वाक्यानं वीस वर्षांचं दही नासलं.

निकालानंतर महिनाभरानं नाना माझ्याकडे आले. संध्याकाळची वेळ होती, बायको बाहेर गेली होती. मी म्हटलं, "बसा." ते बसले नाहीत. फाटकाला धरून उभे राहिले.

"निकालाचं नाही विचारायचं मला," ते म्हणाले. "एकच विचारायचंय. पंचनामा सव्वादहाला सुरू झाला असं लिहिलेलं होतं. ॲम्ब्युलन्सही त्याच सुमारास आली. मी रोज तो कागद वाचायचो, भाऊ. वाटायचं, हवालदार त्यांच्या कामात असतील, पण भाऊ तिथं होते. म्हणजे अनोळखी लोकांच्या गर्दीत एक तरी घराजवळचं माणूस होतं. तिनं तुम्हाला बघितलं असेल. त्यावर मी झोपायचो." त्यांनी फाटकावरचा हात काढला. "तुम्ही तर नव्हता. मग तिच्याजवळ कोण होतं?"

"मला माहीत नाही, नाना," मी म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. ते मान हलवून निघून गेले.

हा प्रश्न ज्याला विचारायचा तो माणूस भिंतीपलीकडे होता तेव्हा माझी हिंमत झाली नाही. तो गेल्यावर आणखी चार महिने मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "बस पकडा नाहीतर माझ्यासमोर सुस्कारे सोडू नका." पारोळ्यावरून धुळं, तिथून दुसरी गाडी. दुपारी त्यांच्या गावात उतरलो.

ओसरीवर त्यांची म्हातारी आई बसलेली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोन शे?"

आतून वहिनी म्हणाल्या, "जळगाववाला भाऊ शेतस, माय."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "बठ्ठं गाव इचारस," ती म्हणाली, "तुना आंडोर घर का बठेल शे? मी काय सांगू?"

तुझा मुलगा घरी का बसलाय, असं सगळं गाव तिला विचारत होतं. मी तिच्या पाया पडलो. हवालदार गोठ्यातून हात पुसत आले. मिशी पूर्ण पांढरी झालेली. मला बघून ते हसले नाहीत, पण खाट टाकली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तसा इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी सांगितलं होतं ना, खरं बोला म्हणून! मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मग लगेच खाली बसले. "जाऊ द्या. सही मागायला मीच आलो होतो. चूक तिथंच झाली."

मी नानांचा प्रश्न सांगितला.

"मी होतो," ते म्हणाले.

त्या सकाळी ते ठाण्यात निघाले होते आणि डंपर समोरच दिसला. कुणी कळवायच्या आधीच ते तिथं पोहोचले होते. तिचं डोकं रस्त्यावर टेकू नये म्हणून त्यांनी आपली टोपी खाली घातली. ती शुद्धीवर होती. तिनं त्यांना ओळखलं. "मला म्हणाली, काका, पप्पांना एकदम सांगू नका, त्यांना शुगर आहे. दोनदा म्हणाली. मग माझं बोट धरून ठेवलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही." म्हणून त्यांनी नानांना पाय मोडलाय एवढंच सांगून दवाखान्यात नेलं होतं. हे कागदावर कुठंच नव्हतं. "डंपरविषयी ती काही बोलली नाही. मग लिहिणार काय? नानांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. म्हटलं निकाल लागू दे, मग सांगू."

"आता चला माझ्याबरोबर. तुम्हीच सांगा."

"मी?" ते म्हणाले. "खोटा पंच उभा करणारा पोलीस मी. माझ्या तोंडून त्यांना ते पटेल का? तुम्ही सांगा. तुम्ही निदान गल्लीतले आहात." येताना वहिनींनी डबा दिला. तो मी बसमध्ये उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नानांकडे गेलो. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीवर तिचा नर्सच्या पांढऱ्या कपड्यातला फोटो होता. मी सगळं सांगितलं. टोपी, बोट, दोनदा म्हणालेलं ते वाक्य. एकही शब्द माझ्या पदरचा घातला नाही, हवालदारांनी सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. "ती एकटी नव्हती, नाना," मी म्हटलं.

नानांचे डोळे भरून आले. "शुगर आहे म्हणाली?"

"हो."

"असंच म्हणाली असती ती," ते म्हणाले. मला वाटलं, झालं, पोहोचलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"कोर्टातही तुम्ही असंच सांगत होता, भाऊ. पांढऱ्या पट्ट्यांसकट."

"नाना, शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ तिथंही घेतली होती."

आत कुकरची शिट्टी झाली, ते उठून गॅस बंद करून आले. परत येऊन माझ्यासमोर बसले, अगदी जवळ, आणि हळू आवाजात म्हणाले, "मला हे खरं मानायचंय हो. ती तसं बोलली, तिनं कुणाचं तरी बोट धरलं होतं, हे मला रोज मानायचंय. कसं मानू, ते तुम्हीच सांगा मला."